फळ्यावरचं हवामान

२ सप्टेंबर, सोमवार

कोपऱ्यावर यंत्रांची लॉन्ड्री उघडल्यापासून आमचं गिऱ्हाईक पातळ झालंय. तिथे काचेच्या दारांची यंत्रं आहेत आणि लोक बाकावर बसून आपलेच कपडे गरगर फिरताना बघतात. त्यात बघण्यासारखं काय असतं, देव जाणे. आमच्याकडे दोन हौद, एक पिळायचं यंत्र, तीन इस्त्र्या, गच्चीवर दोऱ्या, आणि डाग ओळखण्यात माझा हात धरणारा कुणी नाही. वडिलांनी एवढ्यावरच दुकान चालवलं.

आज एक युक्ती सुचली. बदली होऊन गेलेल्या एका डॉक्टरीणबाईंनी जाताना मला त्यांचा बॅरोमीटर देऊन टाकला होता. पितळी, ताटलीएवढा. हवेचा दाब बदलला की सुई फिरते, आणि तबकडीवर क्रमाने लिहिलंय: वादळ, पाऊस, बदल, स्वच्छ, कोरडं. हा गच्चीवर टाकीच्या आडोशाला टांगायचा, संध्याकाळी सुई वाचायची आणि दुकानाबाहेर फळ्यावर लिहायचं, ‘उद्याचं हवामान’. लोक वाचायला थांबतील. थांबलेला माणूस अर्धा आत आलेलाच असतो.

ही म्हणाली, “अहो, मोबाइलवर दिसतं की हवामान सगळ्यांना.”

“मोबाइलवर जगाचं दिसतं. आपल्या गल्लीचं दिसतं का?”

तिने भुवई उंचावली आणि इस्त्री उचलली. पटलं असावं.

सुई वाचायचं काम आईने आपण होऊन मागून घेतलं. चार जिने चढायचे! दातांचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आहे म्हणून वर्षभर कवळी सैल घेऊन बसलीय. पण म्हणाली, “तुझ्या धंद्यासाठी एवढंही करू नये मी?” मला भरून आलं.

३ सप्टेंबर, मंगळवार

काल आई वरून येऊन म्हणाली, “सुई स्वच्छवर आहे.” तसं लिहिलं. आज धो धो पाऊस. सकाळी ढग दिसत होते, पण ढगांवर विश्वास ठेवायचा की यंत्रावर? आमचं एकमेव मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक हॉटेल, त्याच्या सगळ्या चादरी गच्चीवर वाळत घातल्या होत्या. त्या आता पुन्हा धुवायच्या.

सुरुवातीला व्हायचंच असं.

६ सप्टेंबर, शुक्रवार

‘उद्या पाऊस, छत्री न्या’ असं काल लिहिलं होतं. आज लख्ख ऊन. मी आपला पावसाच्या भीतीने चादरी दुकानातच दोऱ्या बांधून वाळवत बसलो. ग्राहकाला काउंटरपर्यंत यायला उशांच्या अभ्र्यांतून वाट काढावी लागत होती.

एक गोष्ट मात्र खरी. फळ्यापाशी लोक थांबतात. समोरचा बेकरीवाला तर म्हणाला, “तुमचा फळा वाचल्याशिवाय मी घराबाहेर पाऊल टाकत नाही.” त्याच्याकडे आज छत्री नव्हती. विसरला असणार. गल्लीत कुणाकडेच नव्हती. लोक बेफिकीर असतात, दुसरं काय.

एकदा स्वतः सुई बघावी म्हणून वर निघालो होतो. आईने जिन्यातच अडवलं. “सारखं वेगवेगळ्या माणसांनी बघितलं की सुई बिचकते. एकानेच बघायचं.” ब्रेकमास्तरांनीही वरून दुजोरा दिला, “अगदी बरोबर. गाडीचंही तसंच असतं.”

ब्रेकमास्तर गच्चीवरच्या खोलीत राहतात. चाळीस वर्षं लोकांना मोटार चालवायला शिकवली. शेजारच्या आसनावर बसून ‘ब्रेक! ब्रेक!’ ओरडण्यात आयुष्य गेलं म्हणून हे नाव. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. आता जुन्या टायरांत टोमॅटो लावतात. सज्जन माणूस आहे, यंत्राची राखण होते.

८ सप्टेंबर, रविवार

ताईचा फोन. येत्या शनिवारी ती आईला न्यायला येणार म्हणतेय. आमचं उन्हाळ्यातच ठरलं होतं: ताईचं घर मोठं, बाग आहे, नातवंडं आहेत, आईला सोबत होईल. इथे आम्ही दोघं दिवसभर वाफेत, तिच्याशी बोलायला कुणाला फुरसत आहे? मला आतून बरं वाटत नाही, पण तिच्या भल्याचंच आहे.

आईला सांगितलं. ती म्हणाली, “आधी सुई बघून येते.” बराच वेळ वर होती. खाली आली ती म्हणतच, “शनिवारी वादळ आहे रे.”

“सहा दिवस आधी कळतं?”

“सुईचा कल कळतो. वळण घेण्याआधी माणूस आरशात बघतोच ना, तसं.”

ही स्वयंपाकघरात एकदम खोकायला लागली. हिला पावडरची ॲलर्जी आहे की काय, दाखवायला हवं.

१० सप्टेंबर, मंगळवार

आईच्या स्कार्फवर डाग. मी लगेच ओळखला, स्ट्रॉबेरी आइस्क्रीम, तासाभरापूर्वीचं. गार पाणी, मग साबण, चोळायचं नाही. गेला. परवा तिच्या बाहीवर इंजिनाचं ऑइल होतं, त्याला जरा त्रास पडला.

आई म्हणते, एकाच जागची हवा बघून भागत नाही. नदीकाठची बघायला हवी, तळ्यापाशीही वारा कसा आहे ते बघायला हवं. म्हणून ती हल्ली दुपारी बाहेर पडते. हे मला सुचलं नव्हतं. शाळेत कुणी नीट शिकवलं असतं तर आमच्या आईने नाव काढलं असतं.

हिला हे सांगितलं. ही इस्त्री फिरवत म्हणाली, “डाग काढण्यात तुमचा हात कुणी धरणार नाही हो.”

१४ सप्टेंबर, शनिवार

वादळाच्या भीतीने परवाच ताईला ‘येऊ नकोस’ म्हणून कळवलं. फळ्यावरही लाल खडूने लिहिलं, ‘वादळ! घराबाहेर पडू नका.’

आज असं ऊन पडलं की डोळे दिपावेत. गल्लीतली झाडून सगळी माणसं पोराबाळांना घेऊन तळ्यावर सहलीला गेली. बेकरीवाल्याने तर काल रात्रीपासूनच पावांची जास्तीची भट्टी लावली होती. वादळाचा इशारा असताना! मी चादरींच्या जंगलात बसून एकटाच घामाघूम.

संध्याकाळी शंका आलीच. आईला म्हटलं, “आई, यंत्र बिघडलंय का?”

“यंत्र उत्तम आहे. वादळ बगल देऊन गेलं.”

तिचा चेहरा उन्हाने लाल झाला होता. कानामागे टोमॅटोचं पिवळं फूल होतं. वाऱ्याने अडकलं असेल.

१७ सप्टेंबर, मंगळवार

मोठा दिवस. शाळेच्या हेडबाई स्वतः दुकानात आल्या! रविवारी शाळेचे खेळ आहेत, मैदानावर. मांडव नाही, तीनशे मुलं, पालक वेगळे. म्हणाल्या, “तुमच्या फळ्याचं फार ऐकलंय. रविवारचं नक्की सांगा. मी सगळं तुमच्यावर टाकतेय.”

आजवर एकही अंदाज बरोबर आलेला नाही, हे मला ठाऊक आहे. इथे लिहायला काय लाज? पण गावाला माझ्यात काहीतरी दिसतंय. खोटं कसं ठरवू?

शुक्रवारी सांगतो म्हटलं. आईला बजावलं, “या खेपेला चूक नको. मुलांचा प्रश्न आहे.” ती क्षणभर गंभीर झाली. मग म्हणाली, “मुलांची काळजी करू नकोस. ती सुरक्षित राहतील.”

२० सप्टेंबर, शुक्रवार

आई म्हणाली, स्वच्छ. मी हेडबाईंना फोन केला, “रविवारी निर्धास्त मैदानावर घ्या. ऊन आहे.”

“नक्की?”

“शंभर टक्के.”

“फार फार आभार!” असं म्हणून त्यांनी तिथल्या तिथे कुणाला तरी ओरडून सांगितलेलं मला फोनवर ऐकू आलं: “सगळं सभागृहात हलवा!”

मी तासभर फोनकडे बघत बसलो.

२२ सप्टेंबर, रविवार

आभाळ फाटलं. दुपारी मैदानाचं तळं झालं होतं.

चारच्या सुमाराला हेडबाई छत्री घेऊन आल्या, हातात केवढा तरी पुष्पगुच्छ. बेकरीवाला मागोमाग. “तुमच्यामुळे वाचलो,” बाई म्हणाल्या.

“पण बाई, मी ऊन सांगितलं होतं.”

“म्हणूनच तर!”

मी बेकरीवाल्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, “रागावू नका. मोबाइल कधी खरा निघतो कधी खोटा. तुमचं तसं नाही. तुम्ही एकदाही चुकून बरोबर ठरला नाहीत. इतका भरवशाचा माणूस गल्लीला मिळाला नव्हता.”

पुष्पगुच्छ हिने पाण्यात ठेवला. मी आत जाऊन पिळायच्या यंत्राशेजारी बसलो. जेवलो नाही. वाटलं फळा फोडून जाळावा, आणि बॅरोमीटर त्या डॉक्टरीणबाईंच्या नव्या पत्त्यावर पाठवून द्यावा.

२३ सप्टेंबर, सोमवार

आज सकाळी आईने पुन्हा ‘स्वच्छ’ सांगितलं. बाहेर भुरभुर सुरूच होती. ती बाहेर पडल्यावर चार जिने चढून वर गेलो.

बॅरोमीटर टाकीच्या आडोशाला होता. काच कुणीतरी रोज पुसत असावं, इतकी लख्ख. शेजारी दोन खुर्च्या, दोन कप. सुई पावसावर होती. चांगली ठाम.

मी काचेवर टिचकी मारली. हलली नाही. बिचकलीही नाही.

म्हणजे यंत्र बरोबर होतं. वाचणाराही बरोबर होता. सांगणारा...

तेवढ्यात खालून आवाज आला, “ब्रेक! ब्रेक! ब्रेक!” कठड्यावरून वाकून पाहिलं. रिकाम्या ओल्या रस्त्यावरून एक जुनी निळी मोटार बेडकासारखी उड्या मारत येत होती. मागच्या काचेवर शिकाऊ चालकाची पाटी. गाडी बेकरीच्या कचऱ्याच्या डब्याला हलकेच टेकून थांबली. चालकाच्या बाजूची काच खाली झाली आणि आमच्या मातोश्रींनी डोकं बाहेर काढून डब्याची विचारपूस केली.

मग दोघंही हसायला लागली. आईला असं हसताना मी कधी ऐकलं होतं ते आठवेना. चौथ्या मजल्यापर्यंत येत होतं.

मी तिथल्याच एका खुर्चीवर बसलो. भिजत.

२४ सप्टेंबर, मंगळवार

दुकान उघडायच्या आधी आईला समोर बसवलं. खूप काही बोलायचं ठरवलं होतं. तोंडून निघालं एवढंच, “का?”

आई म्हणाली, “ऊन असलं की आम्हांला गच्ची हवी असायची. तू चादरी घेऊन आलास की कसलं बोलणं नि कसलं काय! म्हणून पाऊस सांगायचे. पाऊस असला की रस्ता रिकामा, शिकायला बरा. पण तू दुकानाच्या दारात उभा असायचास. म्हणून ऊन सांगून तुला वर पाठवायचे.”

“आणि मी चादरी भिजवत बसायचो!”

“त्याचं वाईट वाटायचं रे. पण फार नाही.”

“मुलांच्या खेळांचं? ती भिजली असती तर?”

“गल्ली तुझा फळा उलटा वाचते हे पहिल्या आठवड्यातच कळलं होतं मला. मुलं कोरडी राहावीत म्हणूनच तर ऊन सांगितलं.”

“म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. फक्त मला...”

“तू फळ्याकडे बघून असा खूष असायचास, कुणाला सांगवेना.”

मग मी ताईचा विषय काढला. तिच्याकडे तुला सोबत मिळेल असं वाटलं होतं, असं म्हणालो. आईने स्कार्फची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

“तुम्ही दोघांनी ठरवलंत. फोनवर. मी त्याच खोलीत बसले होते. मला विचारलंत का?”

नाही विचारलं. खरंच नाही विचारलं.

“सोबत आहे मला,” ती म्हणाली. “चार जिने वर आहे. आम्ही नोंदणी करून लग्न करायचं म्हणतोय. आता तू ओरड.”

मी ओरडलो नाही. “लोक काय म्हणतील?” एवढंच विचारलं. पडद्याआडून ही म्हणाली, “अहो, लोकांचं बोलून झालं. बेकरीवाला केक कुठला करायचा ते विचारून गेला.”

२६ सप्टेंबर, गुरुवार

दोन दिवस मी ब्रेकमास्तरांशी बोललो नाही. आज जिन्यात गाठ पडली. हातात टोमॅटोची टोपली, मान खाली. साठ-सत्तर वर्षांचा माणूस शाळेतल्या पोरासारखा उभा. म्हणाले, “माझी चूक झाली असेल तर बोला. पण तिला नका बोलू. ती फार चांगली चालवते. क्लच जरा लवकर सोडते, एवढंच.”

मी टोपली घेतली. दुसरं काय करणार?

ताईला फोन केला. आधी किंचाळली. मग रडवेल्या आवाजात म्हणाली, “मी तिची खोली रंगवून घेतली होती रे. तिच्या आवडीच्या रंगात.” थोड्या वेळाने म्हणाली, “तिचा आवडता रंग कुठला, तेही मी तिला विचारलं नाही. लग्नाला येते.”

३ ऑक्टोबर, गुरुवार

उद्या सकाळी नोंदणी कचेरीत सह्या, मग गच्चीवर चहा नि केक. सगळ्या गल्लीला बोलावलंय. टोमॅटोचे टायर एका कडेला सरकवले, हॉटेलच्या चादरी टेबलांवर घातल्या. ताई संध्याकाळी आली. आल्या आल्या मास्तरांना नखशिखान्त न्याहाळलं आणि मग त्यांच्याच हातचं सरबत दोनदा मागून घेतलं.

शेवटी फळ्याचा प्रश्न. आईला विचारलं, “सुई कुठाय?”

“स्वच्छवर,” ती म्हणाली, डोळ्याची पापणीही न हलवता. आता लपवायचं काहीच उरलं नाही, तेव्हा खरंच असणार.

पण मी ‘स्वच्छ’ लिहिलं तर सगळी गल्ली रेनकोट आणि गमबूट घालून येणार. लग्नाचे फोटो अग्निशामक दलाच्या संमेलनासारखे दिसणार. बराच विचार केला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘उद्या मुसळधार पाऊस. छत्रीशिवाय येऊ नये.’

आयुष्यात पहिल्यांदा फळ्यावर जाणूनबुजून खोटं लिहिलं. हिने वाचलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. लग्नाला बावीस वर्षं झाली, ही पहिली थाप.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

सह्या छान झाल्या. आईचा हात कापला नाही, मास्तरांचा कापला.

मग गच्ची. सगळे नटून आले होते. बेकरीवाला सायीच्या रंगाच्या सुटात, हेडबाई रेशमी पोशाखात, ताई टाचांचे बूट घालून. छत्री एकाचीही नाही. माझा ऊर अभिमानाने भरून आला. आईने केकवर सुरी ठेवली आणि आभाळ कोसळलं.

नुसता पाऊस नव्हे. फळ्यावर लिहिलं होतं अगदी तस्साच, मुसळधार. केकचा लगदा झाला. लोक टाकीखाली, टेबलांखाली, चादरींखाली. बेकरीवाला सुटाच्या बाह्या पिळत माझ्यापाशी आला. इतका दुखावलेला माणूस मी पाहिला नव्हता.

“इतके दिवस डोळे झाकून तुमच्यावर विश्वास ठेवला,” तो म्हणाला, “आणि आज तुम्ही खरं लिहिलंत?”

मी आईकडे धावलो. “तू स्वच्छ म्हणाली होतीस!”

“सुई पावसावर होती. मला वाटलं, मी स्वच्छ सांगितलं की तू तसंच लिहिशील, म्हणजे सगळे आपोआप छत्र्या आणतील. तुला उलटं लिहायला कुणी सांगितलं?”

“लोकांनी छत्र्या आणू नयेत म्हणून...”

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मास्तर टाकीला धरून इतके हसले की त्यांना खाली बसवावं लागलं.

शेवटी सगळं वऱ्हाड आमच्या दुकानात. मी काउंटरमागे उभा राहून भराभर कपडे घेत गेलो: रेशीम वेगळं, लोकर वेगळी, सायीच्या सुटावर केकच्या क्रीमचा डाग, त्याला गार पाणी. बदल्यात प्रत्येकाला हॉटेलची एकेक कोरडी चादर. हेडबाई चादर गुंडाळून इस्त्रीच्या टेबलावर बसल्या होत्या आणि ताईला पहिल्यापासून सगळी हकिगत सांगत होत्या. ही चहा ओतत होती. कोपऱ्यावरच्या यंत्रांकडे आज कुणी फिरकलं नसेल. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती.

पाऊस ओसरल्यावर बेकरीवाला चादर सावरत फळ्यासमोर उभा राहिला. “झालं ते झालं,” तो म्हणाला. “पण आता उद्यापासून हे कसं वाचायचं? सुलट की उलट?”

सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मला तरी कुठे ठाऊक होतं?

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. निळी मोटार. स्टीअरिंगवर आई, शेजारी मास्तर, मागे त्यांची बॅग आणि टोमॅटोची टोपली. दोघं चार दिवस तळ्याकाठी निघाली होती. गाडीने एक उडी मारली, थांबली, पुन्हा सुरू झाली. आईने काच खाली केली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

“उद्या स्वच्छ बरं का!”

गाडी कोपऱ्यावरून वळून गेली, आणि चादरी गुंडाळलेली आख्खी गल्ली एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.